गिझरचं बूच काढणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

काम संपलं, तुम्ही ठरलेले पैसे घेतले, हत्यारांची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि निघालात. तुमच्या हिशेबी विषय तिथंच मिटला. आमच्या घरात तो मिटलेला नाही. बाबा अजून रोज आंघोळीहून आले की तुमचं नाव काढतात. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्या गिझरला जे बूच मारलेलं होतं, तसंच लातुरात आणखी किती बाथरूममध्ये असेल या विचारानं मला स्वस्थ बसवत नाही.

तुम्ही प्लंबर, तुम्हाला बोलावलं होतं ते नळासाठी. बाबांना आंघोळ करताना नळाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. ते ऐंशीच्या घरातले, त्यामुळे वयानं हात बधिर होत असेल असं स्वतःच म्हणायचे. मग आईलाही तसंच व्हायला लागलं. एका मिस्त्रींनी येऊन गार-गरम पाण्याचा मिक्सर नळ बदलला. दुसऱ्यांनी गिझरकडे वर बघितलं आणि तो टाकून नवा घ्या म्हणाले. झिणझिण्या तशाच. त्यातच बाथरूमच्या मागच्या भिंतीला, बाबांच्या खोलीच्या बाजूनं, ओल धरून रंगाचे पापुद्रे सुटत होते.

तुम्ही आलात आणि हत्यार काढायच्या आधी म्हणालात, "ताई, बटन नको, बोर्डावरचा एमसीबीच पाडा." एमसीबी म्हणजे त्या लाइनची वीज तोडणारा खटका. मग स्टुलावर चढून गिझरखालचं सगळं हातानं चाचपलंत आणि खाली न बघताच विचारलंत, "ह्याला बूच कुणी मारलं?"

त्या प्रश्नानंतरचा अर्धा तास तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलंत, ते इथे सगळं लिहिते. गार पाणी जिथून गिझरमध्ये शिरतं तिथे एक छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो. तो दोन कामं करतो. आत गेलेलं पाणी मागे घरच्या पाण्याच्या टाकीकडे फिरू देत नाही, आणि आतला दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की, आपल्याकडच्या बहुतेक गिझरमध्ये ती ८ बार असते, थोडं पाणी बाजूच्या बारीक तोंडातून बाहेर सोडतो. पाणी तापलं की फुगतं. आमच्या गिझरच्या २५ लिटरच्या टाकीतलं पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं तर ते साधारण ४०० मिलिलिटरनं वाढतं. मागे जायची वाट बंद, पुढचा नळ बंद, टाकी लोखंडी. ते वाढलेलं पाणी जाणार कुठे? त्या बारीक तोंडातून थेंब थेंब बाहेर. गिझर चालू असताना तिथून थेंब पडणं हा बिघाड नाही, तेच त्याचं काम आहे. आमच्याकडे ते तोंड बूच घालून वर एम-सील लावून बंद केलेलं होतं.

ज्यांनी बूच मारलं त्यांच्यावर तुम्ही चिडला नाहीत, हे मला विशेष आठवतं. "लातूरच्या माणसाला टपकणारा नळ बघवत न्हाई," एवढंच म्हणालात. खरंच आहे ते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या गावानं प्यायलं, त्या गावात थेंब पडताना दिसला की कुणीही आधी तो बंद करायलाच धावतो. भांडी विसळलेलं पाणी कुंडीला घालणारी माणसं आम्ही. गिझरमधून पाणी ठिबकतंय म्हटल्यावर त्याला बूच मारणाऱ्याला घरातल्यांनी शाबासकीच दिली असती. म्हणून तर मला वाटतं, हे बूच आमच्या एकट्याकडे नसणार.

आणि त्याचा धोका काय ते तुम्ही बाबांना समजेल अशा शब्दांत सांगितलंत. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. तो चिकटला तर त्यामागे, पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउट असतो. तोही गेला आणि व्हॉल्व्हलाही बूच असेल, तर पाणी १०० अंशांच्या पुढे तापत राहतं, पण दाबाखाली असल्यानं त्याची वाफ होत नाही. टाकी ज्या क्षणी फाटते त्या क्षणी ती होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा लागते. भिंतीपलीकडे बाबांची कॉट आहे. हे ऐकताना आई खाली बसली होती, आणि तुम्ही बोलायचं थांबवून आधी तिला पाणी द्या म्हणालात. मामा, याबद्दलही आभार.

मग कॉइल. गिझर रिकामा करताना तुम्ही पाणी मोरीत सोडलं नाहीत, आमच्याकडून बादल्या मागून घेतल्यात. प्लेट उघडून कॉइल बाहेर काढली तर ती कॉइल आहे हे ओळखू येईना. चुन्याच्या दगडाची कांडी वाटावी इतका पांढरा थर. आमच्या घरच्या टाकीत महानगरपालिकेच्या नळाचं पाणी कमी आणि बोअरचं जास्त. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की त्यातला चुना सुटून सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच, बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दुसरा स्रोत नसेल तर, हे शब्द आमच्या गावासाठीच लिहिल्यासारखे आहेत. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, ती आतल्या आत तापत राहते आणि शेवटी तिचं आवरण तडकतं. आमच्या कॉइलला केसाएवढी चीर होती. तुम्ही ती बाबांच्या हातात देऊन नखानं चाचपायला लावलीत. वीज तिथून पाण्यात उतरत होती, आणि क्षारांचं पाणी ती नळापर्यंत पोचवत होतं. बाबांचा हात बधिर झालेला नव्हता.

शेजारची मॅग्नेशियमची कांडी तर तारेएवढी उरली होती. टाकीच्या लोखंडाऐवजी तिनं गंजायचं म्हणून ती घातलेली असते, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. टाकी मात्र धड होती. नवा गिझर घ्यायची तयारी आम्ही केली होती, पैसे काढून ठेवले होते. तुम्ही कॉइल, कांडी, रबरी गॅस्केट आणि व्हॉल्व्ह एवढंच बदललंत.

इथपर्यंत कुशल कारागिराचं काम झालं. पण या पत्राचं खरं कारण त्यानंतरची गोष्ट आहे.

सगळं जोडून झालं होतं. संध्याकाळ झाली होती, तुम्हाला दुसरीकडे जायचं होतं. मी एमसीबी चढवायला निघाले तर तुम्ही अडवलंत. कॉइल चिरली होती तर वीज अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी होती, माणसाच्या हातात का आली, असं तुम्ही विचारलंत. सॉकेट उघडायला तुम्ही तयार नव्हतात. "विजेचं माझं काम न्हाई, त्याचा माणूस वेगळा," म्हणालात आणि तुमच्या ओळखीच्या वायरमनना फोन लावलात. ते येईपर्यंत पायरीवर बसून राहिलात. सॉकेट उघडल्यावर अर्थिंगची हिरवी वायर आत गुंडाळून मोकळी सोडलेली सापडली. ती जोडली, अर्थिंग तपासलं, वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचं ठरलं, आणि तो बसेपर्यंत गिझर चालू करायचा नाही असं तुम्ही बाबांकडून कबूल करून घेतलंत. त्या ज्यादा वेळाचे पैसे तुम्ही मागितले नाहीत. आम्ही देऊ केले तर "पान्हा कुठं फिरवला मी?" म्हणालात.

पुढचे दिवस आम्ही चुलीवर पाणी तापवलं. काम चालू करून निघून जाणं तुम्हाला किती सोपं होतं. गिझर बघायला बोलावलंच नव्हतं, नळासाठी बोलावलं होतं.

ओलीचं थोडक्यात लिहिते. गरम पाण्याच्या लाइनला आधीच्या कामात पांढरा यूपीव्हीसी पाइप वापरला होता. तो गार पाण्याचा, गरम पाण्यानं मऊ पडून त्याचा सांधा सुटला होता. तुम्ही फिकट पिवळा सीपीव्हीसी टाकलात, मोजक्याच फरशा फोडल्यात, आणि लाइन रात्रभर दाबाखाली ठेवून सकाळी दाब मोजायच्या मीटरचा काटा हललेला नाही हे दाखवल्यावरच भिंत बुजवू दिलीत. गवंड्याला घाई होती. तुम्ही त्याला थांबवून ठेवलंत.

आता त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला तुम्ही लावलेली बारीक नळी आहे, तिच्याखाली बादली आहे. आई ते पाणी तुळशीला घालते. थर्मोस्टॅट तुम्ही ५५ अंशांवर आणून ठेवलात तो तिथेच आहे, कारण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं हे तुम्ही सांगितलंत, आणि पाणी कमी तापलं की चुनाही कमी बसतो. वाचणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच: आज आपल्या गिझरखाली बघा. त्या तोंडाला बूच असेल तर एमसीबी पाडा आणि जाणकार माणसाला बोलवा, स्वतः काढायला जाऊ नका.

मामा, एक मागणं आहे. मी दहावीला विज्ञान शिकवते. ती चिरलेली कॉइल आणि जुना बूच मारलेला व्हॉल्व्ह तुम्ही आमच्याकडेच ठेवून गेलात, मी दोन्ही शाळेत नेले आहेत. मुलांचे प्रश्न इतके आले की तास पुरला नाही. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्यांनी हे शोधलं त्यांनाच बोलवा. एखाद्या शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा याल का? हत्यारांची पिशवी घेऊन या. मुलांना पान्हा हातात धरून बघायचा आहे. त्या दिवसाची मजुरी शाळा देणार आहे, आणि ती तुम्ही नाकारायची नाही.

आई-बाबांचा नमस्कार.

आपली,
खालच्या मजल्यावरची ताई
लातूर