पैसे भरूनही सामना दिसेना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ फेब्रुवारी २०२३. भारत-ऑस्ट्रेलिया दिल्ली कसोटीचा दुसरा दिवस, आणि रामबागेतल्या आमच्या टीव्हीवर नुसती निळी पाटी. नव्या दरांच्या करारावर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल वाहिन्यांनी तोडले होते. सेल उतरले असतील म्हणून आप्पांनी (माझे सासरे, इंदूरचे जुने क्रिकेटवीर मुश्ताक अलींना खेळताना पाहिलेले!) रिमोटमध्ये नवे सेल घातले. केबलवाल्या पोराला फोन केला तर म्हणे, “काकू, ऊपर से बंद है.” महिन्याचे पैसे आगाऊ घेतलेले, त्यातले ते दिवस काही वजा झाले नाहीत.

दूरदर्शन लावावे तर तिथे वेगळीच गंमत. २००७च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचे सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागतात. पण २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनचे स्वतःचे प्रक्षेपण आणि फ्री डिश या त्यांच्या मोफत छत्री-सेवेपुरतेच ठेवले. म्हणजे समोरच्या गच्चीवरच्या छत्रीला सामना फुकट दिसतो आणि माझ्या केबलवर, त्याच दूरदर्शनवर, भलताच कार्यक्रम! वाहिन्यांनी हक्क पैसे मोजून घेतलेत, मान्य. पण पैसे मीही मोजतेच ना? भांडण तुमचे असेल तर आधी कळवा आणि बंद दिवसांचे पैसे पुढच्या बिलातून कापा.

आमच्या होळकर स्टेडियमवरची कसोटी १ मार्चला होती, तोवर वाद मिटला. सामना मात्र तिसऱ्याच दिवशी आटोपला आणि आपण हरलो. आप्पा म्हणाले, “ह्यापेक्षा निळी पाटी बरी.”

— एक वाचक, रामबाग, इंदूर