पिजदुऱ्याच्या डायनोसॉरची ओळख व्हावी

संपादक महोदय,

नागपूरच्या मुलांना टी-रेक्स तोंडपाठ असतो. पण आपल्या शेजारी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातील पिजदुऱ्याला कोण राहत होते, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी या डायनोसॉरला इंग्रज जीवाश्म-अभ्यासक रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये नाव दिले, तेही शेपटीच्या मोजक्या मणक्यांवरून. एवढ्याशा पुराव्यावर स्वतंत्र जात ठरत नाही, असे पुढच्या अभ्यासकांचे म्हणणे पडले आणि नाव बाद ठरले. मला ते योग्यच वाटते. पण नाव गेले म्हणून प्राणी गेला नाही!

खरी गंमत तर त्याच पिजदुऱ्याच्या शेणाश्मांत आहे. बहुधा याच कुळातल्या प्राण्यांच्या त्या अश्मीभूत शेणात गवताचे, त्याच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म सिलिका कण सापडले, भात आणि बांबूच्या नातलगांचेसुद्धा. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते ही जुनी समजूत मोडली. पिजदुऱ्याजवळच्या डोंगरगावचा आयसिसॉरस हा डायनोसॉर तर बराच पूर्ण सापडला आहे.

अजब बंगला (नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय) आणि रमण विज्ञान केंद्राने या दोन गावांची माहिती मराठीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावी. शाळांनीही सहल न्यावी. मात्र दगड खिशात घालून आणू नयेत. सुटा तुकडा कुठल्या थरातला हे कळेनासे झाले की अभ्यासाला त्याचा उपयोग उरत नाही.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर