स्वतःहून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, मी स्वतःहून दिला राजीनामा." मी बरं म्हणून फोन आईकडे दिला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुझ्या मेलमधलं ते 'व्हॉलंटरी' काही पुढून हलेना. विचारणार नव्हतो, पण सही करायला लावली का गं?

सकाळी आप्पांची जाडी डिक्शनरी काढली. पहिली पानं दादाने लहानपणीच फाडलीत, 'व्ही' शाबूत आहे. लॅटिन 'व्होलुन्तास' म्हणजे इच्छा. फ्रेंचांच्या वाटेने 14व्या शतकात इंग्रजीत आला. साधा 'विल' त्याच गोतातला, आणि आपला 'वृ' धातूही. वृ म्हणजे निवडणं. त्यातून वर, वरण (ताटातलं नव्हे!), स्वयंवर.

कौंडिण्यपूरला वर्धेच्या काठी तुला दमयंतीची गोष्ट सांगितली होती, आठवतं? समोर पाच नळ. चार देव, त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, सावली पडत नाही. घामेजलेल्या खऱ्या नळाला तिने माळ घातली. तू विचारलंस, "घाम आलेला कसा काय आवडला तिला?" हसून हसून पुरेवाट झाली होती आत्याची.

माझा व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म 2001 चा. त्यावर 'मी स्वेच्छेने' असं आधीच छापलेलं होतं. म्हणजे इच्छा छापून आलेली, सही तेवढी माझी बाकी. साहेबांनी टोपण काढून पेन पुढे केलं. पंखा चालू होता, तरी माझी कॉलर ओली. घरी येऊन आईला म्हणालो, "स्वतःहून घेतली." अगदी तुझ्यासारखंच.

म्हणून विचारतो. नोटीसचा पगार लेखी घेतलास का? ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरलीत ना? मेलच्या प्रती काढून ठेव, उगाच कुणाच्या तोंडी शब्दावर... जाऊ दे. अकरा जणांची टीम सांभाळणाऱ्या पोरीला मी काय शिकवतोय. बँकेतल्या पासबुकाच्या रांगेतही सांगतो मी ते अकराचं. रागावू नकोस.

मनापासून सोडली असशील तर पेढे मीच आणतो. पण खोलीत कोण कोण बसलं होतं तेव्हा? विचार करायला वेळ दिला होता का?

शनिवारी ये. आईला 2001 चं मी अजून सांगितलेलं नाही, तेवढं तोंडातून जाऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा