मित्रास पत्र : खंडेनवमी आणि आबांची दुनळी

पुणे,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय पम्या,

आबा गेले हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, ते आत्याच्या स्टेटसवरून कळलं. तू तीनदा फोन केलास, मी तिन्ही वेळा उचलला नाही. घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि तुझा आवाज ऐकला असता तर मला आवरलं नसतं. नंतर उशीर झाला म्हणून लाज, आणि लाजेपोटी आणखी उशीर. माफ कर. त्रास फार झाला नाही त्यांना. तीन दिवस दवाखान्यात होते, चौथ्या पहाटे झोपेतच गेले. ८८ पूर्ण. आई-बाबा बरे आहेत, मीही बरा आहे.

पण लिहायला बसलो ते खंडेनवमीमुळे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बुधवारी सकाळी ओसरीवर तीच सतरंजी अंथरली. तेलाच्या डागांची. आणि वर ठेवायला काही नाही! बाबांनी पाने-पक्कड मांडले, आईने विळी ठेवली, भिंतीवरची निकामी ठासणीची बंदूक तेवढी खाली काढली. लेकीने विचारलं, "आबांच्या बंदुका कुठंयत?" म्हटलं, दुकानात. "दुरुस्तीला का?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ते 'हो' टोचतंय.

परवाना ज्याच्या नावाचा तो गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ठाण्यात नाही तर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेरावं झालं, आम्ही चौकीत कळवलं आणि दुनळी बंदूक व पॉइंट टू टू रायफल घेऊन कॅम्पातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दुनळी मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, नळ्या ट्यूबलाइटकडे धरल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आरसा आहे हो आतून. कोण ठेवायचं?" बाबा काही बोलले नाहीत. मी म्हणालो, आजोबा. त्यांनी पावती फाडून दिली. येताना रिक्षात बाबा आणि मी दोघे दोन बाजूंना बघत बसलो होतो.

दस्त्याच्या मागची पट्टी आबांनी आपल्याला उघडून दाखवली होती, आठवतं? सातवीत होतो. आत सुकलेला गाळ. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाणी नारायण पेठेत शिरलं आणि पणजोबांची ही बंदूक दोन दिवस चिखलात पडून होती. आबा तेव्हा चोवीस वर्षांचे. त्यांनी ती खोलून, धुऊन, तेल पाजून उभी केली आणि तिथून त्यांना हा नाद लागला. "बाकी सगळं पुसलं, एवढं राहू दिलं," म्हणाले होते. दुकानातल्या कपाटात त्या पट्टीखाली आमच्या जुन्या वाड्याचा तो चिमूटभर गाळ आहे, आणि तिथे हे कुणालाही माहीत नाही.

आणि हो, मांजरावर नेम धरून "रिकामी आहे की!" असं तूच म्हणाला होतास. ती थोबाडीत बसलेली तू अजून माझ्या नावावर लावतोस. मी चुगली केली नव्हती रे, आबा दारातच उभे होते! महिनाभर आला नाहीस. शेवटी तेच आपली जावा मोटरसायकल काढून तुला आणायला आले, आणि पहिली गोष्ट काय केली, तर तुझ्या हातात तीच दुनळी दिली. "आधी मोड. आरपार उजेड दिसला पाहिजे. मग बोल." त्यांनी आपल्याला एकही बार कधी काढू दिला नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर त्यांनी स्वतःही शिकार सोडली. पुढची पन्नास वर्षं नुसतं गजाला चिंधी बांधून नळ्या पुसणं.

आता खरी गोष्ट. वारस म्हणून मी माझ्या नावाने परवाना मागू शकतो. अर्ज आणून ठेवलाय. त्यात परवाना कशासाठी हवा ते लिहायचं आहे. स्वसंरक्षण लिहू? सदाशिव पेठेत कुणापासून? शेती आपली नाही. नेमबाज मी नाही. परवान्याआधी हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं, ते मी घेईन. पण आजोबांची आहे, एवढं एकच कारण माझ्याजवळ आहे, आणि ते चार ओळींत मांडायला बसलो की पेन थांबतं.

बाबा म्हणतात, विकून मोकळा हो. हिचं म्हणणं, घरात पाच वर्षांचं पोर आहे. तिचं बरोबर आहे, मी वाद घालत नाही. पण २०२० आठवतं मला. २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येणार होती, जादाचं वर्षभरात जमा करायचं. आबा चार दिवस तिन्ही समोर घेऊन बसले. शेवटी ईशापूरची तीनशे पंधरा रायफल दिली. मी विचारलं, सगळ्यात चांगली तीच ना? म्हणाले, "म्हणूनच. तिला कुणीही घेईल. या म्हातारीला आपल्याशिवाय कोण आहे?" पम्या, हे वाक्य मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बाबांना ते ओझं होईल, आणि नाही सांगितलं तर दुनळी विकली जाईल. तू असतास तर काय केलं असतंस?

जावाचं त्या मानाने सोपं. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, झाली माझ्या नावावर. पूजेला तिला हार घातला आणि सुरू करायला गेलो. वीस किका मारल्या, घाम फुटला, ढिम्म. मग आठवलं. खाली वाकलो आणि कार्ब्युरेटरचा टिकलर, म्हणजे पेट्रोल भरून घ्यायचं ते छोटं बटण, दाबून धरला, बोटाला पेट्रोलचा थेंब लागेपर्यंत, आबा धरायचे तसा. दुसऱ्या किकेला उठली. निळा धूर ओसरीभर. आई स्वयंपाकघरातून धावत आली. दारापर्यंत येऊन थांबली आणि तशीच आत गेली.

कात्रजला आपण तिला पाडलं तेव्हाचा पोचा टाकीवर अजून आहे. क्लचची वायर तुटली नव्हती. आता तरी कबूल कर.

तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन ठरलं असेल तर कळव, मी रजा टाकतो. नवीन जागेत पाणी येतं का नीट? वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

दिवाळीला येशील तेव्हा एक रविवार मोकळा ठेव. सकाळी जुन्या बाजारात जाऊ, जावाला किकचं रबर हवंय. आणि सोमवारी माझ्याबरोबर कॅम्पात चल. दुकानवाल्यांची परवानगी घेऊन दुनळी एकदा मोडून बघू. अर्ज मी तोवर कोराच ठेवतो.

तुझाच,
बाळ्या