मायग्रेशनला बसवलेल्या लेकीस

॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥

फोंडा, गोवा

चि. बाय हिस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाकीच्यांना नवीन ॲप दिलंय आणि मला मायग्रेशनला बसवलंय." मायग्रेशन म्हणजे पतसंस्थेच्या जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये हलवणं, एवढं मला कळतं. मी बोलायला लागले तर तुझी मिटिंग सुरू झाली. व्हॉट्सॲपवर चार ओळींच्या पुढे तू वाचत नाहीस, "हो गं आई" पाठवून मोकळी होतेस. म्हणून सरळ कागदावर लिहिते आहे. पर्वरीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देईन. सोबत तिरफळं आहेत, बांगड्यांच्या हुमणाला लागतील.

तुला वाटतं, तुझ्या वाट्याला कमी दर्जाचं काम आलं. मला तसं वाटत नाही. पतसंस्थेत पैसे ठेवणारा माणूस ॲपचं बटण निळं की हिरवं हे बघून ठेव ठेवत नाही. त्याचं नाव, खाते क्रमांक, शिल्लक आणि त्याच्यामागे वारस कोण, एवढं त्याला बरोबर हवं असतं. नेमकं तेच तुझ्या हाताखालून जाणार आहे. ॲप बनवणारी मुलं हुशार असतील, पण त्यांचं ॲप सहा-सात वर्षांत कुणीतरी बदलेलच. आमच्या छपाईच्या धंद्यात पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर म्हणजे सर्वस्व होतं. १९८५ साली ते आलं, २००१ साली त्याची शेवटची आवृत्ती निघाली. गोव्यातली कितीतरी डीटीपीची दुकानं त्यावर उभी राहिली. शॉर्टकट पाठ असलेल्या ऑपरेटरला मालक जपत असत. आज ते शॉर्टकट कुणी विचारत नाही. देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्या सभासदांची, यादी मात्र अजून छापायला येते, आणि तीत एखादं नाव चुकलं तर अजूनही जत्रेत भांडण होतं.

यादीवरून आठवलं. तुमच्याकडे येणाऱ्या जुन्या मराठी फाइलींत एक भानगड हमखास असणार. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत. ती रुळण्याआधीच्या फॉन्टांत 'क' हा कॉम्प्युटरच्या लेखी 'क' नव्हताच. आत कुठलंतरी रोमन अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेलं असे आणि फॉन्ट त्याला 'क'चा चेहरा देई. प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतो तो रोमन अक्षरांचा कचरा. अशा यादीत नाव शोधता येत नाही. अकारविल्ह्याने लावायला गेलं तर केंकरे काकोडकरांच्या आधी जाऊन बसतात, कारण यंत्र आतल्या अक्षरांच्या क्रमाने लावतं. युनिकोडमध्ये देवनागरी 'क'चा क्रमांक ०९१५, फॉन्ट कुठलाही असला तरी तोच.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, आणि बरंचसं काम ते करतातही. खरं दुखणं पुढे आहे. जुन्या फॉन्टांत आम्ही जसं दिसतं तसं टाइप करायचो. 'शि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'श'. युनिकोडमध्ये आधी 'श', मग वेलांटी. साध्या अक्षराला कन्व्हर्टर ही उलटापालट नीट करतो. 'स्थिती'सारखं जोडाक्षर आलं की वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडून जावं लागतं आणि तिथे ती मधेच अडकते. रफाराची तऱ्हा उलटी. पूर्वी अक्षर टाइप करून मग डोक्यावर रफार द्यायचो, आता 'र' आधी साठवला जातो. म्हणून नार्वेकर, पर्वतकर यांच्याकडे नीट बघ. कऱ्हाडे किंवा गोऱ्हे आले तर थांबच. तो आडवा अर्धा 'र' पुष्कळ कन्व्हर्टरांना माहीतच नसतो, ते सरळ रफार देऊन 'कर्हाडे' करून टाकतात. अशा नावांची एक लहानशी यादी जवळ ठेव आणि फाइल बदलली की आधी तीच शोध. अख्खी फाइल वाचत बसलीस तर शंभराव्या ओळीला डोळे चुकीला सरावतात. प्रूफ वाचणाऱ्या कुणालाही विचार.

एक्सेलच्या हिशेबावर माझा विश्वास आहे, आगाऊपणावर नाही. खाते क्रमांक ००४५१ असेल तर ते पुष्कळदा न विचारता ४५१ करतं. पंधरा आकड्यांपेक्षा लांब क्रमांक दिला तर पुढच्या आकड्यांची शून्यं करतं, आणि पुष्कळदा तसं सांगत नाही. ०३/०४/९८ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, ते त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर. सालाचे दोनच आकडे असले तर अजून मजा. नेहमीच्या सेटिंगमध्ये ०० ते २९ ही साले २००० नंतरची धरली जातात. म्हणजे १९२७ साली जन्मलेले आजोबा, जुन्या रजिस्टरात नुसते '२७' लिहिलेले, नव्या सिस्टिममध्ये नातवापेक्षा लहान होतात. ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर गेलाच. म्हणून सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, डबल क्लिक करून कधी उघडू नकोस. आयात करताना क्रमांकाचे आणि तारखांचे रकाने 'टेक्स्ट' ठेव. मराठी मजकूर असेल तर यूटीएफ-८ ही युनिकोड साठवायची पद्धत निवड, नाहीतर फाइल चांगली असूनही अक्षरं फुटलेली दिसतात आणि कुणीतरी ती तशीच सेव्ह करतं.

हे आपल्याकडच्या लहान संस्थांतच होतं असं समजू नकोस. २०२० साली करोनाच्या काळात इंग्लंडच्या सरकारी आरोग्ययंत्रणेत १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळले. माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत भरली जात होती, आणि तीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. खालची नावं गळली आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला उशीर झाला. तेव्हा आधी किती ओळी होत्या आणि नंतर किती आल्या, हे दर वेळी मोज. शिल्लक रकमांची बेरीजही घे, मूळ फाइलीची आणि नव्या फाइलीची. एका रुपयाचा फरक आला तरी पुढे जाऊ नकोस. "एक रुपयाच तर आहे" म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्या एका रुपयाच्या पोटात एकीकडे दहा हजारांची चूक आणि दुसरीकडे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांची, अशा दोन चुका लपलेल्या असू शकतात.

बेरीज जुळली म्हणून माणसं जुळली असं मात्र नाही. इथे गोव्याचाच माणूस लागतो. रोमन स्पेलिंगवरून आपोआप देवनागरी करणाऱ्या टूलने डिचोलीचं 'बिचोलिम' केलं, केप्याचं 'क्वेपेम' केलं तर नवल नाही. शेल्ड्याचं स्पेलिंग एक्सने सुरू होतं, कारण पोर्तुगीज वळणात तो 'श' आहे. टूल बिचारं 'झेल्डेम' लिहिणार. फर्नांडिस आणि फेर्नांडिस एकच की वेगळे? एखाद्याच्या जुन्या पावतीवर शेणै ही उपाधी लावलेली असते आणि आधारवर नुसतं आडनाव. कुणी १९९० च्या कायद्याखाली रीतसर नाव बदललेलं असतं. अशा वेळी दोन खाती एक करणारं ते 'मर्ज'चं बटण दाबताना हात आखडता घे. एकाच माणसाची दोन खाती राहिली तर फार तर एक फोन करावा लागेल. दोन माणसांचं एक खातं केलंस तर ते सोडवता सोडवणार नाही, आणि त्यातला एक जर वारलेला असला तर मग बघायलाच नको.

तू म्हणशील, हे सगळं एआयला सांगते. सांग की. स्क्रिप्ट लिहून घे, चुका शोधून घे. मीसुद्धा पत्रिकांचा मजकूर त्याच्याकडून लिहून घेते, जरा गोडमिट्ट लिहितो एवढंच. पण सभासदांची खरी यादी त्यात चिकटवू नकोस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण ती नावं मुळात तुझी नाहीत, तुझ्या कंपनीचीही नाहीत. चाचणीला खोटी नावं घाल.

त्या संस्थेत एखादे जुने क्लार्क असतील, निवृत्तीला टेकलेले. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या पेनाची फुली का आहे, हे फक्त त्यांना माहीत असतं. ईमेल पाठवू नकोस, उत्तर येणार नाही. सकाळी संस्था उघडायच्या वेळेला जा, छापलेली पानं घेऊन बस, दिला तर चहा घे. "काका" म्हण. "सर" म्हणालीस तर रजिस्टर कपाटातून बाहेर येणार नाही. ते सांगतील ते तारीख घालून साध्या टेक्स्ट फाइलीत लिही. तुमच्या त्या खास टूलमध्ये नको, त्याचं लायसन संपलं की सगळं आत अडकतं. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, प्रत काढून प्रतीवरच काम करायचं. आणि त्यांनी सीडी काढून दिली तर तिथल्या तिथे कॉपी करून घे. आपल्या पावसाळ्यात सीडीलाही बुरशी येते.

जुन्या रजिस्टरात पोर्तुगीज शब्द अडला तर त्या शब्दापुरता फोटो पाठव, अख्खं पान नको. वरच्या मजल्यावरच्या वकिलांना विचारून सांगेन, पण दुपारी चारच्या आत पाठव, नंतर ते भेटत नाहीत. आणि चवथीची रजा अजून टाकली नसशील तर आज टाक.

तुझी,
आई