आक्काचा हात

प्रिय दिन्या,

दिवाळीपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. राग धर, पण हे शेवटपर्यंत वाच. घरी सगळे बरे, माझा गुडघा होता तसाच आहे.

आक्काच्या ऑपरेशनचं तुला ठाऊक आहे. छातीतल्या गाठीबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. सात महिन्यांनी तो हात सुजला, बांगडी चढेना. मला वाटलं, रक्त साकळलंय, आपण मोकळं करू. तिळाचं तेल कोमट केलं आणि वस्तादांनी शिकवलं तसं मनगटापासून खांद्यापर्यंत रगडलं. सलग आठ दिवस. ती दात आवळून बसायची आणि वर म्हणायची, "तुझ्या हाताला गुण आहे रे." नवव्या दिवशी हात आणखी फुगला. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

फिजिओथेरपीच्या बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, रक्ताला हृदयाचा पंप आहे, लिम्फला, म्हणजे रक्तातून झिरपून अंगात फिरणाऱ्या पाण्याला, तसा नाही. लिम्फच्या बारीक नळ्या आपल्या आपण आकसतात आणि पाणी पुढं ढकलतात. काखेतल्या गाठी या लिम्फच्या वाटेवरच्या, त्या गेल्या की वाट अडते, प्रथिनं मिसळलेलं पाणी कातडीखाली तुंबतं. ते फार दिवस राहिलं की तिथं तंतू धरतात, हात निबर होतो. आणि जोरात रगडलं की त्या भागात रक्त वाढतं, पाणी आणखी झिरपतं. म्हणजे आठ दिवस मी तुंबलेल्या मोरीत घागरी ओतत होतो, दिन्या. आपल्या दोघांसाठी तालमीत दुधाची चरवी आणायची, तो हाच हात.

आता नव्यानं शिकतोय. तेल अजिबात नाही. कातडी तेवढी हलके सरकवायची, खालच्या स्नायूपर्यंत जोर जाऊ द्यायचा नाही. आधी मान, मग चांगल्या बाजूची काख (एवढं भाची करते), मग दंड, मनगट शेवटी. पुढचा पाट मोकळा केल्याशिवाय आपण मागून पाणी सोडतो का? तसंच. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या नवरा-बायकोनं ही रीत बसवली, १९३६ साली पॅरिसमध्ये लोकांपुढं मांडली. सर्दीच्या रोग्यांच्या मानेच्या सुजलेल्या गाठींवरून त्यांना ती सुचली म्हणे. पण नुसत्या हातानं भागत नाही. वरून पट्ट्या बांधायच्या आणि त्या बांधूनच व्यायाम करायचा, सूज त्यानंच आवरते.

जोतिबाच्या यात्रेआधी तू माझ्याकडून अंग चोळून घ्यायला नकार दिलास, आठवतं? "शिवा चोळत नाही, सोलतो" म्हणालास. दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या पाठीवरचे वळ बघून तुझी आई मात्र विचारायची, कुणाचा मार खाऊन आलास? तू खरं बोलत होतास, लेका.

रात्री झोप लागत नाही. माझ्यामुळं हात कायमचा निबर झाला असेल तर? बाई म्हणतात, खळगा पडतोय म्हणजे आत अजून पाणी आहे, ते हलेल. दर रविवारी टेपनं चार ठिकाणी मोजतो. या रविवारी मनगटाच्या वर एक सेंटिमीटर कमी भरलं. आक्का हसली. मी परसात जाऊन उभा राहिलो.

पोराच्या ॲडमिशनचं काय झालं? बोअरला पाणी लागलं का? वहिनींना नमस्कार.

एका रविवारी ये. तुझ्या दंडावर करून दाखवतो. जोर लागतोय का, ते तू सांग. आक्का विचारलं तरी सांगत नाही.

तुझा,
शिवा