थडग्याचा दगड आणि त्यावरचा मजकूर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. चारातली तीन पानं संपादकाच्या नावानं शिमगा, का तर तो पक्षपाती आहे आणि त्यानं तुझी बातमी अडवली! त्यावर उतारा म्हणून एका पेपरची गोष्ट ऐक. पंधरा दिवस मी त्यातच रमलोय.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये टूमस्टोन नावाचं गाव आहे. टूमस्टोन म्हणजे थडग्याचा दगड. १८७७ साली एड शीफेलिन त्या उजाड टेकड्यांत खनिज शोधत हिंडायचा. अपाची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या भीतीनं तिकडे कुणी फिरकत नसे. "तुला तिथं तुझ्या थडग्याचा दगड तेवढा मिळेल," असं त्याला बजावलं गेलं. त्याला मिळाली चांदी. पठ्ठ्यानं खाणीच्या हक्काला नाव दिलं टूमस्टोन! पुढं गावही तेच नाव लावू लागलं. १ मे १८८० ला जॉन क्लमनं तिथं पेपर काढला, नाव 'एपिटाफ', म्हणजे थडग्यावरचा मजकूर. दगड आहे म्हटल्यावर मजकूर नको?

गावात 'नगेट' नावाचा दुसरा पेपर आधीपासून होता, तो शेरीफ (जिल्ह्याचा पोलीस अधिकारी) बेहनच्या गोटातला. त्याचा संपादक तर शेरीफच्याच हाताखाली कामाला! क्लमही कमी नाही. १८८१ मध्ये तो महापौर होता आणि पोस्टमास्तरही. २६ ऑक्टोबरला ओके कोरल या घोड्यांच्या वाड्याजवळ एकीकडे गावचे पोलीस असलेले अर्प बंधू नि त्यांचा दोस्त डॉक हॉलिडे आणि दुसरीकडे काऊबॉय म्हणवणारी, शेरीफच्या मर्जीतली गुरंचोर टोळी यांची चकमक झाली. अर्ध्या मिनिटात तीन मुडदे. 'एपिटाफ'नं अर्पांची बाजू उचलली, हे ओघानंच आलं. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशीची 'नगेट'ची बातमीही त्यांच्यावर आग ओकणारी नव्हती. मला वाटतं, बातमीदार त्या दिवशी गोट विसरला असावा. असं क्वचित होतं, पण होतं.

डिसेंबरात क्लम ज्या घोडागाडीनं निघाला, तिच्यावर गोळीबार झाला. लुटारू असतीलही, आपल्याच जिवावर टपले होते याबद्दल त्याला मात्र शंका नव्हती. मे १८८२ च्या आगीत 'नगेट' जळून संपला. त्याच महिन्यात क्लमनंही पेपर विकून टाकला.

खाणींना बुडवलं पाण्यानं. खोल जावं तसं पाणी लागायचं, ते उपसायला प्रचंड पंप बसवले. १८८६ मध्ये एक मोठं पंपघर जळालं आणि चांदी पाण्याखालीच राहिली. माणसं भराभर उठून गेली. 'एपिटाफ' निघतच राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर स्थानिक आवृत्ती ॲरिझोना विद्यापीठाचे पत्रकारितेचे विद्यार्थी काढू लागले.

तुझा संपादक पक्षपाती आहे म्हणतोस. महापौर नाही ना? पोस्टमास्तर तरी? मग कुरकुर कसली करतोस! ती अडवलेली बातमी मला पाठव.

तुझा,
विन्या